येवतेश्वरचा घाट, आमची जुनी आठशे आणि वीतभर पाईप

गाडी बंद पडायची जागा ठरलेली होती. समर्थ मंदिराकडनं येवतेश्वरचा घाट धरला की पहिली दोन वळणं मस्त चढायची, मग कुठंतरी जरा जर्क मारायची, तिथनं पुढं ॲक्सिलरेटर दाबला तरी दम नाही, सेकंडवरनं फर्स्टला टाकायची, आणि खाली अख्खा सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसायला लागला की बंद. हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, बोनेट वर. दहा मिनिटं थांबलं की परत चालू व्हायची आणि वरपर्यंत जायची, कधी मधे अजून एकदा बंद पडायची. पाच महिने हे चाललं होतं.

गाडी आप्पांची. १९९७ ला घेतलेली मारुती आठशे, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल हवेत मिसळायचं काम कॉम्प्युटर नाही, कार्बोरेटर करतो), ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. कंपनीने २०१४ ला ही गाडी बनवायचीच बंद केली पण आमच्याकडं ती रोज चालते. आत्या बामणोलीच्या बाजूला राहते, तिच्याकडं जायचं तर हाच घाट, आणि श्रावणात आप्पांना येवतेश्वरला जायचं असतं. तेव्हा "घाटात नेऊ नका, गावातल्या गावात चालवा" हा सल्ला आम्हाला उपयोगाचा नव्हता, आणि तो तीन जणांनी दिला.

आधी झालेला खर्च सांगतो म्हणजे पुढचं समजेल. पहिल्या गॅरेजला कार्बोरेटर उतरवून धुतला, नवीन किट टाकलं, प्लग काढले तर पांढरे होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, म्हणून पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू थोडा उघडला. दुसरा म्हणाला प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल गरम झाली की करंट सोडते, कॉइल बदलली. तिसऱ्याने पेट्रोल पंप बदलला. मधे एकदा फिल्टर बदलला तेव्हा आठवडाभर गाडी खरंच बरी चालली, आम्हाला वाटलं झालं काम, आणि पुढच्या रविवारी परत त्याच वळणावर. सगळे मिळून सात हजाराच्या आसपास गेले. प्रत्येकाने ट्रायल घेतली ती पोवई नाका ते गोडोली, सपाटीला, तिथं गाडी झकास पळायची. घाटात गाडी एकानेही चढवून बघितली नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तक्रार घाटातलीच होती.

आप्पा गाडी विकायच्या गोष्टी करायला लागले तेव्हा आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींना विचारलं. एसटीच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली, आता रिटायर आहेत, गॅरेज नाही, पण अंगणात कुणाची ना कुणाची गाडी असतेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पावत्या बघितल्या, आणि म्हणाले, "आता एकबी पार्ट बदलायचा न्हाई. पेट्रोल टाकीतनं निघतंय, इंजनात पोचंना. मधे कुठं अडतंय तेवढं हुडकू."

मला हे इतकं पटलं की मी पुढचे तीन रविवार त्यांच्याबरोबर काढले.

ज्यांच्याकडं जुनी कार्बोरेटरची गाडी आहे त्यांच्यासाठी पेट्रोलचा रस्ता आधी सांगतो. टाकी मागं. टाकीत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी. तिथनं गाडीच्या पोटाखालनं लोखंडी नळी पुढं येते, पुढं रबरी पाईप, मग फिल्टर (आमच्या गाडीत तो बोनेटखाली आहे, आरपार दिसणारा), परत वीतभर रबरी पाईप, मग पंप. पंप इलेक्ट्रिक नाही, इंजिनाच्या हेडवर बसवलेला असतो, कॅमशाफ्ट फिरला की त्याची दांडी खालीवर होते आणि आतलं रबरी डायफ्राम (पडदा) पेट्रोल ओढून पुढं ढकलतं. पुढं कार्बोरेटरचा छोटा बाउल, त्यात फ्लोट. बाउल भरला की फ्लोट वर येऊन नीडलने तोंड बंद करतो, आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो तसंच. बाउलमधनं जेटवाटे, म्हणजे मापाच्या बारीक भोकातनं, पेट्रोल हवेत मिसळतं.

आता यात एक गोष्ट आहे जी मला कुणी सांगितली नव्हती आणि सगळं गणित तिच्यावर आहे. पंपाच्या पुढची बाजू दाबाची, मागची बाजू ओढीची. पुढच्या बाजूला पाईप फुटला तर पेट्रोल गळतं, वास येतो, दिसतं. मागच्या बाजूला पाईपला भेग पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. थेंब नाही, वास नाही, काही नाही. पंप बिचारा पेट्रोलऐवजी निम्मी हवा ओढत बसतो आणि आपण पंपच बदलतो.

पहिला प्रश्न, पेट्रोल की करंट. मेस्त्री म्हणाले गाडी बंद पडताना कशी पडते ते नीट आठवून सांगा. करंट गेला तर गाडी बटण दाबल्यासारखी एकदम जाते. पेट्रोल कमी पडलं तर आधी धक्के, मग ओढ कमी, मग हळूहळू. आमची दुसऱ्या प्रकारची. तरी खात्री करायची म्हणून घाटात बंद पडल्या पडल्या, इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारून हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडते ती झडप) ओढला. बाउलमध्ये पेट्रोल असेल तर थ्रॉटल ओढताच आतल्या बारीक नळीतनं पेट्रोलची सुतासारखी पिचकारी उडते, ॲक्सिलरेटर पंपाची. आमच्याकडं काहीच नाही. दोनदा, तीनदा ओढला, कोरडं. म्हणजे बाउल रिकामा. म्हणजे कॉइलचा संबंध नाही आणि जेटचाही नाही, पेट्रोल बाउलपर्यंतच येत नाहीये. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि आमच्या दोन गॅरेजच्या पावत्या त्या अर्ध्या मिनिटात बाद झाल्या.

मिक्श्चर स्क्रूचं पण तेव्हाच कळलं. तो स्क्रू फक्त आयडलचा, गाडी उभी असताना जेवढं लागतं तेवढं ठरवतो. घाटात पेट्रोल मेन जेटमधनं जातं. प्लग घाटात पांढरे होत होते कारण पेट्रोल पुरत नव्हतं, स्क्रू उघडून फक्त आयडलला धूर वाढला होता.

दुसरा प्रश्न, उष्णतेने होतंय का. सगळे म्हणायचे पेट्रोलची वाफ होते, व्हेपर लॉक, पंपावर ओलं फडकं टाका. जुन्या गाड्यांत हे होतं हे खरं आहे, आणि दहा मिनिटं थांबल्यावर चालू होते म्हणजे थंड झाली म्हणूनच, असं आम्हीही धरून चाललो होतो. मेस्त्रींनी विचारलं, "धा मिनिटं थांबता, पण एकच मिनिट थांबून बघितलंय का कधी?" नव्हतं बघितलं. मग पुढच्या खेपेला बंद पडल्यावर मिनिटभरच थांबलो आणि सेल्फ जरा लांब मारला, दहा-बारा सेकंद, सोडला, परत मारला, आणि गाडी चालू. इंजिन तेवढंच गरम होतं. म्हणजे थंड होण्याची वाट बघायची गरजच नव्हती, सेल्फवर पंप चालतो, बाउलमध्ये थोडं पेट्रोल येतं, गाडी चालू होते. आम्ही पाच महिने दहा मिनिटं थांबत होतो आणि त्या थांबण्यालाच औषध समजत होतो.

मग सपाटीला का होत नव्हतं. यावर मेस्त्रींनी अंगणात बसून हिशोब मांडला तो मला फार आवडला. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली तर मिनिटाला दोन-तीन चमचे पेट्रोल पिते. घाटात सेकंडला पाय दाबून चढवली की त्याच्या दहापट. बाउलमध्ये मावतं किती तर कटिंग चहा एवढं. म्हणजे पंपाने निम्मं जरी काम केलं तरी गावात गाडीला काही कळणार नाही, घाटात मात्र बाउल उतरत उतरत रिकामा होणार, आणि त्याला लागणारा वेळ ठरलेला, म्हणून जागाही ठरलेली. त्यात चढावर गाडीचं नाक वर. टाकी मागं, पंप पुढं, मधे दोन-अडीच मीटर अंतर, दहाला एक असा चढ धरला तर पंपाला पेट्रोल सपाटीपेक्षा वीतभर जास्त उचलावं लागतं. ओढ वाढली की भेगेतनं हवा पण जास्त येणार. आम्हाला एक गोष्ट जाणवली होती पण तिचा अर्थ लागत नव्हता, टाकी फुल्ल असली की गाडी दोन वळणं जास्त चढायची. सगळे म्हणायचे टाकीत कचरा आहे. पण टाकी भरलेली असली की पेट्रोलची पातळी वर असते आणि पंपाला कमी उचलावं लागतं, हेही त्याच हिशोबात बसतं.

सकाळी गाडी चालू व्हायला सेल्फ जास्त लागायचा तो पण याच्यातच. रात्रभरात भेगेतनं हवा शिरून पाईपातलं पेट्रोल परत टाकीत उतरायचं आणि सकाळी पंपाला कोरड्या पाईपातनं ओढून आणायला लागायचं. आम्ही ते गाडीच्या वयावर घातलं होतं.

टाकीचं झाकण पण तपासलं. झाकणाला किंवा टाकीला हवा घ्यायला वाट असते, ती बुजली तर पेट्रोल निघेल तशी टाकीत पोकळी होते आणि पंप ओढून ओढून थकतो. तपासायची रीत सोपी, बंद पडल्यावर लगेच झाकण उघडायचं, सूं असा आवाज करत हवा आत गेली तर दोष तिथं. आमच्याकडं आवाज नाही. झाकण सैल ठेवून घाट चढवला तरी बंदच पडली. ते खातं मिटलं.

मग राहिला पाईपचा रस्ता, टाकीपासनं पंपापर्यंत. तिसऱ्या रविवारी मेस्त्रींनी पंपाच्या तोंडाजवळचा रबरी पाईप दोन बोटं कापला आणि पितळी जॉइंट घालून तिथं पेट्रोलला चालणारा पारदर्शक नळीचा तुकडा बसवला. फक्त बघायला. (कायम ठेवायचा नाही, इंजिनाच्या उष्णतेने तो मऊ पडतो. आणि हे सगळं करताना इंजिन गार पाहिजे, आसपास बिडी सिगारेट नाही, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, एक जण वाळूची बादली घेऊन उभा. मेस्त्रींनी यात एकदाही सूट दिली नाही, पेट्रोलशी खेळ नको.)

सपाटीला आयडलवर नळीत पेट्रोल भरलेलं, अधूनमधून मोहरीएवढा एखादा बुडबुडा. मग सकाळी सहाला घाटात गेलो, रस्त्याला वर्दळ नाही, थंडी चांगली होती. जर्क सुरू झाले तशी बंद पडायच्या आत गाडी कडेला घेतली, नाक वर, इंजिन चालू, चाकांना दगड, बोनेट उघडलं. मी आत बसून पाय दाबला आणि मेस्त्री वाकून बघत होते. "ये हिकडं, बघ," म्हणाले. भाच्याला आत बसवलं आणि मी बघितलं. नळीत पेट्रोल कमी आणि बुडबुडेच जास्त, साबुदाण्याएवढे, रांगेने पंपाकडं पळत होते. पाय सोडला की कमी, दाबला की परत रांग. पाच महिने जे शोधत होतो ते डोळ्यासमोर वाहत होतं, अंगावर काटा आला खरंच.

आणि त्याच वेळी फिल्टर बघितला तर तो भरलेला, त्यात एक बुडबुडा नाही. म्हणजे टाकीपासनं फिल्टरपर्यंत सगळं ठीक. हवा शिरतेय ती फिल्टर आणि पंपाच्या मधे, त्या वीतभर पाईपात. वरनं बघायला पाईप काळाभोर, धड, कुठं चीर नाही. मेस्त्रींनी खिशातनं ग्रीसची डबी काढली, बोटावर ग्रीस घेतलं, पाईपच्या फिल्टरकडच्या टोकाला क्लिपच्या भोवती आणि क्लिपच्या खाली जाईल तेवढं आत चोळलं. बुडबुडे थांबले. बोटाने ग्रीस पुसून घेतलं, परत सुरू. परत लावलं, थांबले. त्या ग्रीसवरच गाडी येवतेश्वरपर्यंत नेली, सेकंडला, एक जर्क नाही.

घरी येऊन क्लिप काढली आणि पाईप हातात वाकवला. क्लिपच्या बरोबर खाली, जिथं नजर जात नाही तिथं, उन्हाळ्यात तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगा. रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं, टणक झालेलं. फिल्टर बदलल्यावर आठवडाभर बरं का वाटलं तेही मग लक्षात आलं. फिल्टर चोंदलेला असला की त्याच्या पुढच्या पाईपात ओढ जास्त बसते आणि भेगेतनं हवा जास्त येते, नवीन फिल्टरने ओढ कमी झाली, हवा कमी झाली. आणि आठवड्यात परत का चोंदला तर त्याचं कारण पेट्रोलात आहे.

इथं जरा थांबतो कारण यावर आमच्याकडं रोज वाद होतात. देशात पेट्रोलात १० टक्के इथेनॉल २०२२ ला झालं, २०२३ ला २० टक्केवालं काही पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडं तेच झालं. एप्रिल २०२३ पासनं नव्या गाड्यांचे पाईप, सील, गास्केट त्याला चालतील असे बनवतात. १९९७ च्या गाडीचा पाईप त्यासाठी बनवलेलाच नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, त्यातलं तेल काढून घेतं, मग ते कडक होऊन तडकतं. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो. पाणी पण धरून ठेवतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतनं गंजायची भीती. इथेनॉल आपल्या उसापासनंही बनतं, आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, तेव्हा मी त्याच्या विरोधात बोलणारा माणूस नाही. पण जुनी गाडी असेल तर पाईप बदलणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही एवढं कळकळीने सांगतो. त्या भेगा मागं टाकीच्या तोंडाशी नाही, गरम इंजिनापासनं हातभर अंतरावर होत्या. आज हवा आत जात होती, उद्या तशीच भेग पंपाच्या पुढच्या बाजूला पडली असती तर पेट्रोल गरम इंजिनावर पडलं असतं.

दुकानात पाईप मागताना नुसता "पेट्रोल पाईप" मागू नका. पाईपवर एसएई जे३० आर९ (SAE J30R9) असं छापलेलं असतं तो घ्या, त्याचा आतला थर इथेनॉल सोसतो. आम्ही टाकीपासनं कार्बोरेटरपर्यंत सगळे रबरी तुकडे बदलले, टाकीकडं परत जाणाऱ्या पाईपचे पण, आणि स्क्रूच्या क्लिपा टाकल्या ज्या पाईपला कापत नाहीत. सगळं मिळून हजाराच्या आत. मुख्य दोषाचा तुकडा शंभराचाही नव्हता.

ज्यांचा त्रास उलटा आहे, म्हणजे काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळे, त्यांनी पाईपच्या मागं लागू नका, तिथं फ्लोट किंवा नीडल बघा, चोक (गार गाडी चालू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडतोय का बघा. आणि एक, ऑइलची काडी काढून वास घ्या. पंपाचं डायफ्राम फाटलं तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, पातळी वाढलेली दिसते. तसं असेल तर गाडी चालूच करू नका, आधी पंप आणि ऑइल.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आप्पांना घेऊन येवतेश्वरला गेलो. नेहमीचं वळण आलं तेव्हा त्यांनी सवयीने पायाशी ठेवलेला दगड उचलून मांडीवर घेतला होता, वळण मागं पडल्यावर तो परत खाली ठेवला आणि खिडकीची काच खाली केली.

आता एक काम शिल्लक आहे. प्लग काढून बघितले तर पूर्वीसारखे पांढरे नाहीत पण पाहिजे तसा विटकरी रंग पण नाही, जरा फिकटच आहेत. इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेत जास्त पेट्रोल लागतं, नव्या गाडीत कॉम्प्युटर ते आपोआप वाढवतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. मेन जेट एक नंबर मोठा टाकावा असं माझ्या डोक्यात आहे. मेस्त्री म्हणतात थांब, दोन टाक्या चालव, एकदा कास आणि एकदा बामणोली करून ये, मग प्लग काढून आण माझ्याकडं.